मुहर्रकचा घासलेला डॉलर

मी जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ जुन्या नाण्यांबद्दल काहीतरी माहितीपूर्ण सांगणार आहे. माहिती आहे माझ्याकडे, हवी तेवढी आहे. पण आत्ता जे सांगतोय ते पोटदुखीचं आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. बहारीनमध्ये एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो आणि नईममधल्या एका जुन्या इमारतीत बायकोबरोबर राहतो. इथे येणारा आपला माणूस सोनं घेतो. सुट्टीवर जाताना बायकोच्या हातात बांगड्या, सासूसाठी चेन. मी मात्र चांदीचे जुने अमेरिकन डॉलर जमवतो. महाराष्ट्र मंडळातले लोक सुरुवातीला म्हणायचे, अहो, जमवायचंच तर शिवराई जमवा, हे काय गोऱ्यांचं खूळ घेऊन बसलात. त्यांना काय सांगणार? आमच्या कारखान्यातला एक अमेरिकन सुपरवायझर घरी परत निघाला तेव्हा त्याने सगळं सामान विकायला काढलं होतं. मी इस्त्री बघायला गेलो होतो. मासेमारीच्या गळांच्या डब्यात तळाला एक डॉलर पडलेला. उचलला तर हाताला असा काही जड लागला की इस्त्री तिथेच राहिली. बायको अजून त्या इस्त्रीवरून बोलते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे हे डॉलर पाडले गेले. एका बाजूला टोपी घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. गरुडाच्या खाली, अगदी बारीक, टाकसाळीचं अक्षर. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, आणि सीसी असेल तर कार्सन सिटी, म्हणजे तिकडच्या वाळवंटातलं, चांदीच्या खाणींजवळचं गाव. सीसीवाली नाणी कमी. मी मनामातल्या एका सुताराकडून शिसवी लाकडाची पेटी करून घेतली होती, आत निळी मखमल आणि चार गोल खाची. तीन भरल्या होत्या. चौथी सीसीची, ती रिकामी.

ऑनलाइन मागवता येतं, हे मलाही कळतं. पण माझा एक नियम होता. नाणं बहारीनमध्येच मिळालं पाहिजे. कुठल्याशा खलाशाच्या, तेलवाल्या साहेबाच्या, व्यापाऱ्याच्या खिशातून जे आपल्या पायाने या बेटावर आलंय तेच मी घेणार. एक सुपरवायझरच्या डब्यातलं. एक मनामाच्या सोनाराकडे, वितळवायच्या मोडीत सापडलेलं. एक शुक्रवारच्या जुन्या बाजारात, तुटक्या रेडिओंच्या ढिगाशेजारी. नियम मीच केलेला, पाळणाराही मीच, आणि त्याचा मला फार अभिमान होता. बायको म्हणायची, "नाकाने कांदे सोलायची हौस, दुसरं काय."

चौथं कुठे आहे, हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. पूल ओलांडून विमानतळाकडे मुहर्रक लागतं, तिथल्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका म्हाताऱ्या बहारिनी माणसाचं दुकान होतं. जुनी घड्याळं, पितळी कॉफीची भांडी, कुलपं, मोती तोलायचे तराजू. डोक्यावरून सारखी विमानं उतरत असायची आणि तो बोलता बोलता विमान जाईपर्यंत थांबायचा. मी त्याला हाजी म्हणायचो, तो मला मोहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. हिंदी त्याला चांगली यायची, सगळी जन्मभर आलेल्या भारतीय गिऱ्हाइकांकडून शिकलेली. काउंटरच्या खाली त्याच्याकडे बिस्किटांचा एक डबा होता, आणि त्यात सीसीचा डॉलर. पहिल्यांदा तो उलटा करून पाहिला आणि ती दोन अक्षरं दिसली, तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ही आईची शिकवण. आई बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहिली की आधी म्हणायची, "काय ही वांगी, किडकीच दिसतात." भाजीवाली भांडायची, आई दोन पावलं पुढे जायची, परत यायची, पुन्हा नावं ठेवायची, आणि त्याच ढिगातली पिशवीभर वांगी घेऊन घरी यायची. जे हवं असेल त्याचं विकणाऱ्यासमोर कौतुक करायचं नाही. आमच्याकडे मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा पोहे छान झाले म्हणून सांगत नाहीत, उगाच त्यांना वाटायचं, पसंत पडली. मी त्याच शाळेतला. डॉलर बोटांच्या कडांनी धरून मी म्हणालो, "हाजी, ये तो घिसा हुआ है. देखो, कान के ऊपर का बाल पूरा गया."

खोटंही नव्हतं ते. या नाण्याची झीज आधी तिथेच दिसते, बाईच्या कानावरच्या केसांत. हाजीने नाणं घेतलं, अंगठ्याने एकदा पुसलं आणि म्हणाला, "सही बात." विकायचंय का विचारलं तर म्हणाला, "इंशाल्ला." आणि डब्यात परत.

मग मी दर शुक्रवारी जायला लागलो. अस्रच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजानंतर दुकान उघडायचं, मी हजर. लहान काचेच्या पेल्यात तो लाल चहा द्यायचा, मी कधी चिवडा न्यायचो, कधी चकल्या. चकली त्याला भारी आवडायची, दात कमी होते तरी चहात बुडवून खायचा. तासभर इकडचं तिकडचं, त्याच्या गुडघ्यांचं, माझ्या व्हिसाचं, त्याच्या मुलांचं, ज्यांना दुकान बंद करून ती जागा कॉफीवाल्याला द्यायची होती. आणि उठताना सहज आठवल्यासारखं मी म्हणायचो, जरा तो डॉलर बघू. बघायचो, नावं ठेवायचो. किनार बोथट आहे. गरुडाची छाती सपाट झालीय. कोणी घेणार नाही असलं. तो मान डोलवायचा. मला वाटायचं, उतरतोय म्हातारा, हळूहळू उतरतोय. बायको म्हणायची, "अहो, सरळ सांगा ना त्यांना, मला आवडलंय, द्या म्हणून." मी म्हणायचो, तुला बाजारातलं काय कळतं.

आता तो आला. तो म्हणजे आमचा बँकवाला. पुण्याचा, एका मोठ्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जुफेरला समुद्र दिसणाऱ्या टॉवरमध्ये राहणारा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल, पण पहिल्याच भेटीत मला काका म्हणाला. मंडळाच्या कोजागिरीला भेटला होता. मी कुणाला तरी माझी पेटी दाखवत होतो, हा मधेच डोकावला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "काका, हे काय भन्नाट आहे." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मीच त्याला शिकवलं. नाणं कडेने धरायचं, कधी घासायचं नाही, अक्षर कुठे बघायचं, बनावट कसं ओळखायचं. माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या बायकोच्या हातचं थालीपीठ खात शिकला.

आणि थोड्याच दिवसांत त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त नाणी झाली. सगळी अमेरिकेहून मागवलेली, प्लॅस्टिकच्या बंद डबीत, वर दर्जाचा शिक्का. हात लावायची सोय नाही, वजन कळत नाही, वास नाही. मी म्हणालो, ही काय नाणी झाली, ही तर फ्रिजमधली भाजी. तो हसला. त्याला कशाचंच काही वाटत नाही, हा त्याचा दोष मला सगळ्यात जास्त खुपायचा. मंडळात लोक आता नाण्यांबद्दल काही विचारायचं झालं तर त्याला विचारायचे. कानामागून आला आणि तिखट झाला. एकदा तर कुणीतरी माझ्यासमोर त्याला विचारलं, आणि तो म्हणाला, "काकांना विचारा, ते माझे गुरू आहेत." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. माझा तिळपापड झाला. असला मोठेपणा परवडतो अशा लोकांना.

त्याला हाजीच्या दुकानात मीच घेऊन गेलो. का नेलं? दाखवायचं होतं. तुझ्या प्लॅस्टिकच्या डब्या एकीकडे आणि माझं हे मुहर्रक एकीकडे, नाणं कसं शोधतात ते ये, बघ, एवढंच मनात होतं. गाडीत त्याला बजावलं होतं की तिथे काही बोलू नका, मी बघतो. मी त्याला मुद्दाम तुम्ही म्हणतो.

चहा झाला. मी नेहमीसारखं म्हणालो, हाजी, वो डॉलर दिखाना जरा. हाजीने डबा काढला. मी हात पुढे करायच्या आत बँकवाल्याने नाणं उचललं, कडेने धरून, जसं मी शिकवलं होतं तसं. उलटं केलं, सीसी बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "माशाल्ला, हाजी, क्या सुंदर है ये."

मी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला. त्याने पाय मागे घेतला आणि मलाच सॉरी म्हणाला. मी मनात म्हटलं, घालव, एवढ्या वर्षांची माझी मेहनत एका वाक्यात घालव, आता म्हातारा अशी किंमत सांगेल की तुझी बँक कमी पडेल. पण तो थांबेचना. किती सुंदर, किती छान, हात लावल्यावरच कळतं की हे वापरलेलं आहे, माणसांत राहिलेलं आहे. मग विचारतो, "हाजी, ये आपके पास कैसे आया?"

आता हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. विचारला म्हणजे रस आहे हे कळलं, आणि कळलं की भाव चढला. हाजी मात्र कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखा सरसावून बसला. त्याचा बाप अमेरिकनांच्या कॅम्पात स्वयंपाक्याच्या हाताखाली होता, इथे नुकतं तेल लागलं होतं तेव्हा. पहिल्या ईदला साहेबाने त्याला हा डॉलर दिला. बापाने तो बायकोला दिला. घरात लेकरू तापाने फणफणलं की आई हा थंडगार डॉलर त्याच्या कपाळावर ठेवायची आणि ताप उतरेपर्यंत अंगठ्याने तिथेच धरून बसायची. मग तो गरम झाला की पाण्यात बुडवून परत. हाजी, त्याचे भाऊ, बहिणी, शेजारची पोरं, सगळ्यांच्या कपाळावर तो होता. हाजीने आपल्या कपाळावर बोट टेकून जागा दाखवली. म्हणाला, "मां का अंगूठा इधर लगता था, बाल के ऊपर. इसी के वास्ते घिस गया."

वरून विमान गेलं. बँकवाल्याचे डोळे भरून आले होते. मी माझ्या पेल्यातल्या चहाच्या चोथ्याकडे बघत होतो.

मग हाजीने नाणं रुमालात गुंडाळलं आणि त्याच्यापुढे धरलं. "तफद्दल," म्हणाला. घे. बँकवाला नको म्हणाला. हाजीने पुन्हा धरलं. तो पुन्हा नको म्हणाला, पैसे तरी घ्या म्हणाला. हाजीने हात झटकला, पैशाची गोष्ट खलास. "मेरा लड़का लोग इसको चांदी के भाव में बेचेगा. तुमको अच्छा लगा, तुम रखो." तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. आयत्या बिळावर नागोबा. मी तिथे बसलो होतो, हाताच्या अंतरावर.

परतताना पुलावर तो गाडी चालवत सारखा बोलत होता. काका, तुमच्यामुळे. काका, केवढा माणूस आहे हा. मी समुद्राकडे बघत म्हणालो, "घासलेला आहे तसा तो." तो म्हणाला, "हो ना, तेच तर." या माणसाला टोमणासुद्धा लागत नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "चांगलं झालं. मी काय सांगत होते?" मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो, पण न बोलता. पुढचे कित्येक दिवस मी त्याचे मेसेज वाचून तसेच ठेवले. दिवाळीला त्याने लक्ष्मीपूजनाचा फोटो पाठवला. पाटावर तांदूळ, तांदळावर तो डॉलर, आणि नाण्यावरच्या बाईच्या गालावर हळद-कुंकवाचं बोट. मी बायकोला फोन दाखवत म्हणालो, बघ, नाण्याचं वाटोळं केलं, हळदीचा डाग कधी निघत नाही, गाजरपारखी लेकाचे. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती छान दिसतेय पण." मी फोन काढून घेतला.

शुक्रवारी मुहर्रकला जाणं मी बंद केलं होतं. कशाला जायचं? डबा रिकामा. बायको म्हणाली, म्हातारा काय म्हणत असेल. मी म्हटलं, त्याला काय, त्याला पुण्याचा मुलगा मिळाला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाल्कनीत गेलो.

शेवटी गेलो तो भांडायला गेलो. मनात वाक्यं तयार करून गेलो. हाजी, एवढी वर्षं मी आलो, चकल्या आणल्या, तुझ्या गुडघ्यांना तेल आणून दिलं, आणि जो पहिल्यांदा आला त्याला तू देऊन टाकलंस. मी तुझा कोण? असं सगळं. दुकानात शिरलो तर तो खुर्चीतून उठायला लागला. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागतो, पण उठला, आणि माझे दोन्ही हात धरले. कुठे होतास, आजारी होतास का, रजेवर गेला होतास का. मी म्हणालो, शिफ्ट होती. त्याने चहा मागवला. मी मुद्द्यावर यायचं म्हणून म्हणालो, "हाजी, वो डॉलर..."

"हां, वो तो दे दिया," तो म्हणाला. "अच्छा आदमी है तुम्हारा दोस्त." आणि मग माझ्याजवळ खुर्ची सरकवून, कुणी ऐकेल म्हणून आवाज हळू करून बोलायला लागला. मोहंदिस, तुला सांगतो, या डब्यासाठी इथे खूप लोक येतात. आले की गोड बोलतात, हाजी, काय दुकान आहे, काय वस्तू आहेत, आणि हवी ती वस्तू मिळाली की परत तोंड दाखवत नाहीत. तुझा दोस्त डॉलर घेऊन गेला, तोही परत आला नाही. मफी मुश्किल, काही हरकत नाही, त्याला डॉलर हवा होता, मिळाला. "लेकिन तू. तू हमेशा सच बोला. घिसा हुआ है, किनारा खराब है, कोई नहीं लेगा. मैं समझ गया, इसको कुछ नहीं चाहिए. फिर भी हर जुम्मा आता है. मैं घर में बोला, एक मोहंदिस है, वो खाली मेरे वास्ते आता है."

मी पेला तोंडाला लावला. चहा फार गरम होता, तरी घोट घेतला.

हाजी माझ्याकडे बघत होता. म्हातारा असला तरी जन्म दुकानात गेलेला, माणसाचा चेहरा वाचणारा. त्याला काहीतरी दिसलं असावं. त्याचं हसू जरा कमी झालं. म्हणाला, "मोहंदिस, तुमको चाहिए था क्या वो?"

घरी निळ्या मखमलीतली चौथी खाच तशीच होती. हो म्हणायला किती वेळ लागतो? बायकोने मला हजारदा सांगितलं होतं, सरळ सांगा. बँकवाल्याने तर नाणं हातात घेताच सांगितलं होतं.

"मुझे?" मी म्हणालो. "छे छे, हाजी. मैं क्या करूंगा उसका."

त्याचा चेहरा पुन्हा मोकळा झाला. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि विचारलं, आज काही आणलं नाहीस का खायला. नव्हतं आणलं. भांडायला जाताना कोण चकल्या घेऊन जातं. पुढच्या शुक्रवारी आणतो म्हणालो, आणि आता दर शुक्रवारी आणतो. तो चहात बुडवून खातो, मी बसतो, आणि दुसरं काही मागत नाही.

बँकवाल्यावर मी अजून जळतो. पूर्वी वाटायचं, त्याच्याकडे माझा डॉलर आहे म्हणून. आता तो डॉलर त्याने उद्या आणून दिला तरी मी घेणार नाही. पण त्याला जे आवडलं ते त्याने तोंडाने सांगितलं, मिळालं तेव्हा डोळ्यांत पाणी आणून घेतलं, आणि हाजीला त्याचं काहीही वाईट वाटलं नाही. मलाही तो डॉलर हवा होता, हे मी हाजीला आता कधीच सांगू शकणार नाही.